गोंदाच्या गुठळ्या

अवो,

सकाळच्या एसटीनं उमरेडले आईकडे चालली. रागानंच निघाली. परवा बारशात तुमी सगळ्यांसमोर माझ्या हाताले लाकूड घासायच्या रेजमालासारखा खरखरीत म्हटलं.

पण निघताना तांदळाच्या डब्यामागं लपवलेली गोंदाच्या गुठळ्यांची वाटी अन् ग्लिसरीनची बाटली सापडली. माझ्या हातासाठी लोशन करून राहिले होते न? मले सांगितलं काहून नाही? गोंदाची भुकटी एकदम पाण्यात टाकली, म्हणून गुठळ्या झाल्या. ती आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी थोडं थोडं टाकत हालवत राहा. घाई करू नका.

भाकरी झाकून ठेवल्या हायेत.

रविवारी लोशनची बाटली घेऊन उमरेडले या. ते तुमीच माझ्या हाताले लावून द्यायचं. सगळ्यांसमोर.

यमुना