राखून ठेवलेलं मत

१७ मार्च, बुधवार. सकाळी.
टपालाने दोन मतपत्रिका आल्या. एक लोइसची, एक माझी. निवडणूक सहा एप्रिलला. हेरॉन बेंडच्या अध्यक्षपदासाठी दोनच उमेदवार: विद्यमान अध्यक्ष रिक डंकेल आणि माझी पत्नी. डंकेलला गावाची अँब्युलन्स जूनअखेर बंद करायची आहे. लागेल तेव्हा तेवीस मैलांवरच्या शहरातून मागवा, असे त्याचे म्हणणे. लोइस बावीस वर्षे त्या अँब्युलन्सवर बिनपगारी काम करते. मुद्दा एवढाच, पुरेसा गंभीर.

लोइसने टोस्ट खाता खाता मत दिले (स्वतःला), पाकीट चिकटवले, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये टपाली मताला साक्षीदार लागतो. मग पेन माझ्याकडे सरकवले.

मी म्हणालो, मत म्हणजे निर्णय. निर्णय पुराव्यानंतर. पुरावा सहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत येत राहणार. सबब मी माझे मत राखून ठेवतो. ती म्हणाली, एकेचाळीस वर्षं माझ्याबरोबर एका छपराखाली काढलीस, आता कसला पुरावा यायचा राहिलाय रे?

नोंद: भावनेला आवाहन. हेत्वाभासांपैकी सर्वांत ढोबळ. तसे तिला सांगितले. ती पेन घेऊन उठून गेली. वाद माझ्या बाजूने संपला.

१८ मार्च.
पशुखाद्याच्या दुकानातला कॉफीचा कट्टा. नेहमीचे चौघे: नॉर्ब, हार्लन आणि झास्ट्रो बंधू. चौघांच्याही खिशात टपाली पाकिटे. एप्रिलच्या निवडणुकीला हे चौघे सहसा घराबाहेर पडत नाहीत, म्हणून लोइसने महिन्यापूर्वी घरोघरी जाऊन त्यांचे अर्ज भरून घेतले होते. आज एकमेकांचे साक्षीदार होऊन जाता जाता टपालात टाकायचा बेत.

मी विचारले, आज मत दिले आणि उद्या एखादी नवी गोष्ट उघडकीला आली तर? नॉर्ब म्हणाला, काय होणार आहे मास्तर, लोइस बँक लुटणार आहे का? लुटलीच तर मी गाडी चालवीन. सगळे हसले. विनोद हा युक्तिवाद नव्हे. तरी पाकिटे आज खिशातच राहिली, कारण बोलता बोलता पेन कोणीतरी माझ्या कॉफीत पाडले.

१९ मार्च, शुक्रवार.
चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत. लोइस टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होती: मत आत्ताच देऊन टाका, एप्रिलचा भरवसा नाही, बर्फ पडलं तर तुमचे गुडघे तुम्हाला बाहेर पडू देणार नाहीत. परिणामकारक बोलते. पण तर्काची शिस्त नाही.

घरी आल्यावर मी दोन्ही पक्ष कागदावर मांडले.

पूर्वपक्ष (लवकर मत द्यावे): आजारपण, बर्फ, घसरडे रस्ते, मरण. मत देऊन टाकलेला मनुष्य मोकळा; उमेदवारालाही त्याच्या मागे धावावे लागत नाही.

उत्तरपक्ष: पाकीट टपालात हरवू शकते. सही चुकली तर मत बाद. उमेदवाराचे खरे रूप शेवटच्या आठवड्यात दिसते. आणि जे सर्वांनी मिळून एका दिवशी करायचे, ते स्वयंपाकघरात टोस्टसोबत उरकणे म्हणजे लग्नाला न जाता आहेर टपालाने पाठवणे.

शेवटचा दृष्टान्त अतिशय चांगला उतरला. लोइसला वाचून दाखवला. ती म्हणाली, आपल्या लग्नालाही तू उशिराच आला होतास.

२३ मार्च, मंगळवार.
हायस्कूलमधून फोन. मी एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आणि वादविवाद मंडळ चालवले, ते मंडळ आता बंद होत आहे. कपाटातली बक्षिसे घेऊन जावे, अशी विनंती. अर्थ उघड आहे: या वस्तूंचे मोल शाळेपेक्षा मीच जाणतो, हे त्यांना उमगले. खोका जड होता. सगळे चषक उपविजेतेपदाचे, पण उपविजेत्याचा चषकही जडच असतो.

घरी जाण्याआधी खोका तसाच घेऊन कट्ट्यावर गेलो. चषक टेबलावर मांडले. प्रत्येक अंतिम फेरीत परीक्षकांनी कुठे चूक केली तेही सविस्तर सांगितले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मंडळी भारावली होती.

मग मीच मतदानाचा विषय काढला आणि संपूर्ण उत्तरपक्ष मांडला, आहेराच्या दृष्टान्तासह. हार्लनने डोळे पुसले. नॉर्बने त्याच्याकडे पाहिले, झास्ट्रो बंधूंकडे पाहिले, आणि म्हणाला, बरं बाबा, जिंकलास तू. आम्ही सहा तारखेलाच मत देतो, सगळे मिळून. मी विचारले, आक्षेप? तो म्हणाला, नाही रे मास्तर, एकही नाही.

चौघेही. एका बैठकीत. आयुष्यात इतका निर्विवाद निकाल लागला नव्हता.

लोइसला सांगितले नाही. प्रचाराच्या गडबडीत तिला तपशिलांचा भार नको.

२५ मार्च.
चौघांना विचारले, पाकिटे फाडली ना? केंद्रावर नवी मतपत्रिका मिळते. नॉर्ब म्हणाला, फाडतो, फाडतो.

२६ मार्च.
पुन्हा विचारले. नॉर्ब म्हणाला, अरे फाडली बाबा, आता तुकडे आणून दाखवू का? दाखव म्हणालो. त्याने संध्याकाळी खरेच आणून दाखवले.

३० मार्च, मंगळवार.
लोइस हिशेब मांडत होती: कोणाकोणाची मते आली, कोणाची राहिली. नगर कार्यालयात कोणाचे मत पोहोचले ते विचारले की सांगतात. चौघांची नावे राहिलेल्यांत पाहून ती चकित झाली. म्हणाली, नॉर्बचं अजून आलं नाही? मी स्वतः त्याच्या घरी बसून अर्ज भरला होता. मी म्हणालो, विचारी मतदार घाई करत नाहीत. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, आणि आपल्या घरातलं? मी म्हणालो, तेही विचार करत आहे.

तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कामापुरते बोलत आहे. उमेदवारांवर ताण असतोच.

२ एप्रिल.
हवामानखात्याने मंगळवारसाठी बर्फाचा अंदाज दिला. आठ इंच. एप्रिलमधला अंदाज म्हणजे अनुमान, प्रत्यक्ष प्रमाण नव्हे.

दुपारी. अंदाज दहा इंच. केवळ सावधगिरी म्हणून स्वतःची मतपत्रिका बाहेर काढली. लोइसच्या नावापुढे खूण करायला घेतली. पण पाकिटावर बारीक अक्षरात लिहिले आहे, साक्षीदार हा उमेदवार नसावा. म्हणजे लोइसची सही चालणार नाही. नॉर्बकडे जाणे अशक्य. ज्याला आठवड्यापूर्वी पाकीट फाडायला लावले, त्याच्यापुढे स्वतःचे पाकीट कोणत्या तोंडाने धरू? शेजारच्या मिसेस क्लिंगबाइल गेल्या ऑगस्टपासून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्या बागेतल्या पाटीवरचे व्याकरण दुरुस्त केले होते.

राहिले नगर कार्यालय. तिथे समक्ष लवकर मत देता येते. साडेचारला पोहोचलो. चारला बंद झाले होते, आणि आजचा शेवटचाच दिवस होता.

तेव्हा सिद्धान्त अढळ. हाच माझा मूळ निर्णय होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

५ एप्रिल, सोमवार.
लोइस म्हणाली, उद्या माझी अँब्युलन्सची पाळी आहे, कोणी बदलून घ्यायला तयार नाही, हरकत नाही. म्हणाली, फरक दहाबारा मतांचाच राहणार. मग थोड्या वेळाने, आर्विड, उद्या जाशील ना रे? मी म्हणालो, जाईनच नव्हे, पाच जणांना घेऊन जाईन. तिने विचारले, कोण पाच? मी म्हणालो, उद्या कळेल. ती या विषयावर प्रथमच हसली.

बेत असा: मतदान आठपर्यंत; संध्याकाळी सात वाजता अग्निशमन केंद्राच्या, म्हणजेच मतदान केंद्राच्या, दाराशी भेटायचे. सगळा पुरावा तोवर हाती आलेला असेल. नॉर्ब बाकी तिघांना आपल्या पिकअपमधून आणणार. हार्लनचे घर तळ्याकडे, शहराच्या रस्त्यावर, म्हणून त्याला शेवटी घ्यायचे. मग पाचही जण एकत्र आत जाऊ. लोकशाहीचे असे दृश्य गावाने बऱ्याच वर्षांत पाहिले नसेल.

६ एप्रिल, मंगळवार. सकाळी.
बर्फ. अद्याप विशेष नाही. लोइस पहाटेच पाळीवर गेली.

दुपारी.
बर्फ विशेष आहे.

सायंकाळी साडेसहा. अग्निशमन केंद्र.
चालत आलो, रस्ते बंद होत आहेत. मतदान केंद्रात गर्दी नाही. जे आले ते सकाळीच येऊन गेले. टेबलामागच्या बाईंनी विचारले, सर, मत देणार ना? या आत. मी म्हणालो, सहकाऱ्यांची वाट पाहतो आहे. रस्त्यापलीकडून अँब्युलन्स दिवे लावून बाहेर पडली आणि तळ्याकडे वळली. चालकाच्या जागी लोइस. मी हात केला. तिने पाहिले नसावे.

सव्वासात.
चौघे नाहीत. बाई म्हणाल्या, तुम्ही तरी देऊन टाका ना. मी म्हणालो, ज्याने चौघांना पटवले त्याने आधी आत जाऊन मोकळे होणे शोभत नाही.

पावणेआठ.
बाई पुन्हा म्हणाल्या. आता स्वरात थोडी अधीरता. मी त्यांना दृष्टान्त सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, सर, मला माहीत आहे हो, मी तुमच्याच वर्गात होते.

आठला पाच मिनिटे कमी.
रस्त्यावर दिवे दिसले. पिकअपच असावी. पाहायला बाहेर आलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन खात्री करतो.

आठ वाजून गेल्यावर.
बर्फ उपसण्याची गाडी होती. परतलो तेव्हा दार बंद. आठ वाजता जो रांगेत असेल त्याला मत देता येते. मी कोपऱ्यावर होतो. कोपरा म्हणजे रांगच, असे प्रतिपादन करून पाहिले. बाई म्हणाल्या, सर, घरी जा, पाय ओले होतील.

७ एप्रिल, बुधवार.
निकाल. लोइस तीन मतांनी हरली.

सकाळी नॉर्ब आला. त्याच्याकडून हकीकत कळली. हार्लनला घेऊन गावाकडे वळताच पिकअप घसरून खड्ड्यात गेली. हार्लनची छाती डॅशबोर्डवर आपटली, त्याला श्वास घेता येईना. फोन केला आणि सहा मिनिटांत लोइस पोहोचली. बर्फात कोणाला सोडणार, म्हणून चौघांनाही आत घेतले. नॉर्ब तिला म्हणाला, लोइस, गाव दोन मैल मागे आहे, आम्हा तिघांना तेवढं दारात उतरव, मतं देऊन टाकतो, तुझीच मतं आहेत गं. लोइस म्हणाली, हॉस्पिटल पुढे आहे आणि हार्लनचा चेहरा पांढरा पडलाय, गप्प बसा सगळे. शहरात पोहोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. हार्लनच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत. बाकी ठीक. डंकेलची अँब्युलन्स शहरातून आली असती तर काय झाले असते, हे नॉर्बने बोलून दाखवले नाही.

मी नॉर्बला म्हणालो, दोष माझा आहे. माझ्या युक्तिवादाची ताकद मला आवरायला हवी होती. तुम्हा चौघांना मी इतके पूर्णपणे पटवले नसते तर...

नॉर्ब म्हणाला, पटवलं? मास्तर, पटलं कोणाला? त्या दिवशी तुझा चेहरा पाहवेना आम्हाला. हार्लन हळूच म्हणाला, एकदा तरी जिंकू द्या बिचाऱ्याला. आमचं ठरलं होतं, तुझ्या नकळत पाकिटं टपालात टाकायची. पण तू रोज येऊन विचारायचास, फाडली का, फाडली का. शेवटी फाडली. खोटं किती दिवस बोलणार?

तो गेल्यावर दोन्ही पक्षांचा कागद काढून पुन्हा वाचला. पूर्वपक्षात दोष सापडेना.

दुपारी.
लोइस झोपून उठली. नॉर्बने सांगितलेले सगळे तिला अँब्युलन्समध्येच कळले होते. रागावली नाही. कॉफी ओतली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, बाकीच्यांचं जाऊ दे, मतमोजणीच्या वेळी मी तिकडे हॉस्पिटलमध्ये मनात एवढंच म्हणत होते, त्या ढिगात निदान एक मत तरी आर्विडचं आहे. शेवटपर्यंत थांबून, सगळा विचार करून, त्यानं मलाच दिलं. हरल्याचं त्यामुळे तितकं वाटलं नाही मला.

मी सुरुवात केली. म्हणालो, मत देणे या क्रियेची व्याख्या आपण कशी करतो यावर ते अवलंबून आहे. एका अर्थाने, निर्धार झाला त्याच क्षणी...

तिने कप खाली ठेवला. वाट पाहत राहिली.

म्हणालो, नाही दिलं.

ती उठली, बूट चढवले, दाराशी गेली आणि बर्फ उपसायचे फावडे आणून माझ्या हातात दिले. म्हणाली, पुन्हा पाळी आहे संध्याकाळी, गाडी निघायला हवी. अँब्युलन्स जूनपर्यंत आहे अजून.

वाट मोकळी केली. प्रतिवाद केला नाही.