माझ्या कानाची साक्ष

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.
आजपासून कमी बोलायचं आणि जास्त लिहायचं. वही नातीने दिली. म्हणाली, आजी, तू मला फोनवर सांगतेस ते सगळं यात लिही, म्हणजे ऑफिसात माझा फोन मोकळा राहील. गुणाची पोर. आवाजांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. पोलिसांकडून फोनवरचे आवाज येतात, आणि ही नि हिचा कॉम्प्युटर मिळून ते कुणाशी जुळतात का ते तपासतात. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गणितात ढकलगाडी. पण हा कानाचा गुण तिने घेतला तो माझ्याकडूनच. नुसत्या हॅलोवर मी माणूस ओळखते. मुलगा म्हणतो, फोनवर नाव येतं ते वाचून ओळखतेस. चष्मा नसताना मला कुठलं नाव दिसायला?

५ फेब्रुवारी, बुधवार.
काल लिहून झालं आणि दुपारी घोळ झाला. अग्निशमनवाल्यांना कुणीतरी फोन केला की आमच्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर आग लागलीय. दोन बंब आले. सगळे जिन्याने खाली. वर आग नव्हती, सातव्यावरची बाई कांदे चिरत बसली होती, तीही रडतरडत खाली आली.
आज इन्स्पेक्टर आले. त्या फोनचं रेकॉर्डिंग असतं म्हणे, एकोणीस सेकंदांचं. सेक्रेटरीच्या घरी सगळ्यांना ऐकवलं. बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. मी तिसऱ्या सेकंदाला ओळखलं. आमचा लिफ्टवाला, लिफ्टची दुरुस्ती बघतो तो. तोच घोगरा आवाज, वाक्याचं शेपूट गिळायची तीच सवय. सोमवारीच त्याचं सेक्रेटरीशी वाजलं होतं. सेक्रेटरी म्हणाला, बघा, मी म्हणतच होतो. काही म्हणत नव्हता तो, पण असो. इन्स्पेक्टरांनी विचारलं, आजी, नक्की ना? म्हटलं, शंभर टक्के. सही केली. सही छान आली.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
लिफ्टवाल्याला चौकशीला नेलं. सोडलं, पण रोज हजेरी लावायला सांगितलंय. सेक्रेटरीने त्याला काढून टाकलं. संध्याकाळी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकली. रिकामी होती, नशीब. आता दुरुस्तीला कोण येणार?
मी पाचव्यावर राहते. शहाण्णव पायऱ्या. डॉक्टर चाला म्हणतच होते. उद्यापासून दिवसातून दोनदा उतरायचं.

७ फेब्रुवारी.
उतरले नाही. गुडघा.

८ फेब्रुवारी, शनिवार.
नात आली. मी सगळी हकिकत रंगवून सांगितली. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, आजी, ती साक्षीदार तू आहेस? ते रेकॉर्डिंग तिच्याच प्रयोगशाळेत आलंय. साक्षीदार आपली आजी आहे म्हटल्यावर आता तिला त्यातून बाजूला व्हावं लागणार, तिच्या साहेबांना सांगावं लागणार. मला वाटलं, पोरीला अभिमान वाटेल. तिने कपाळाला हात लावला.
मग माझ्या शिवणाच्या डब्यातलं पांढरं बटण काढलं. म्हणाली, समज, हे लिफ्टमध्ये सापडलं आणि बाबांच्या शर्टाचं एक पांढरं बटण तुटलंय. मग हे बाबांचंच का? म्हटलं, असू शकतं. म्हणाली, बिल्डिंगमध्ये पांढऱ्या बटणांचे शर्ट किती? प्रश्न दोन असतात, आजी. तो लिफ्टवाला असेल तर आवाज इतका जुळायची शक्यता किती, आणि दुसराच कुणी असेल तर इतका जुळायची किती. तू पहिलाच विचारलास.
म्हटलं, दुसऱ्याची मला गरज पडत नाही.
ती म्हणाली, आजी, त्याच्याकडे आठ बिल्डिंगांच्या लिफ्ट होत्या. पोलिसांचं नाव निघाल्यावर आणखी दोघांनी त्याला काढलं. सगळ्यांनी काढलं तर तो काय करेल?
मी विषय बदलला. ती लग्नाचं कधी बघणार, असं विचारलं. लगेच निघाली.

९ फेब्रुवारी, रविवार.
ठरवलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपणच काढायचं. कॉम्प्युटर कशाला हवा? बिल्डिंगमधल्या प्रत्येक पुरुषाचा आवाज ऐकायचा. घोगरा असेल तर फुली, नसेल तर गोल. लिफ्टवाल्यासारखा एकही निघणार नाही, मग नातीला वही दाखवायची.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.
दोन दिवस जिने चढले, उतरले. दर मजल्यावर पाणी मागितलं. पाय माझे राहिले नाहीत. अडतीस पुरुष ऐकले. अकरा घोगरे.
अकरा म्हणजे काही फार नाहीत. त्यातला एक सेक्रेटरी स्वतः, तो ओरडून ओरडून तसा झालाय, तो धरायचा नाही. दुसऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांचाही तसाच, पण मास्तर खोटं बोलणार नाहीत. माझ्या मुलाला सर्दी आहे, तो खोडला. चौथ्यावरचा वाक्याचं शेपूटसुद्धा गिळतो, पण त्याची कवळी नवीन आहे. असं करत करत शून्यावर आले. गणितात मला उगीच नापास करत होते.
सूनबाईने वही बघितली. म्हणाली, आई, ज्याला त्याला खोडून टाकलं तर शेवटी लिफ्टवालाच उरणार ना. हिला लहानपणापासून तिरकस बोलायची सवय असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
पोलीस स्टेशनातून हवालदाराचा फोन आला. सतरा तारखेला ओळख परेड, पण माणसांची नाही, आवाजांची. नऊ आवाज ऐकवणार, त्यातला ओळखायचा. मोठा सज्जन माणूस. माझा गुडघा विचारला, स्वतःचा सांगितला. मी त्याला शेकायला सांगितलं.

१३ फेब्रुवारी.
हवालदाराचा पुन्हा फोन. वेळ बदलली. शेकल्याने त्याला फरक पडलाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज भाजी घेऊन वर येत होते. दुसऱ्या मजल्यावर दम लागून बसले. मागून कुणीतरी म्हणालं, आजी, पिशवी द्या इकडे. म्हटलं, राहू द्या हो मास्तर. वळून बघते तर लिफ्टवाला. वरच्या मशीनच्या खोलीतून त्याची हत्यारं न्यायला आला होता. जिन्यात आवाज घुमतो, त्याला कोण काय करणार?
पिशवी पाचव्यापर्यंत त्यानेच आणली. पुढे चालत होता, मध्येमध्ये थांबून कठडा धरा म्हणत होता. दारात पिशवी ठेवली आणि म्हणाला, आजी, तुम्हाला खरंच वाटलं तो मी आहे? सात वर्षं तुमच्या लिफ्टला तेल घालतोय, तुम्ही तरी ओळखाल असं वाटलं होतं.
म्हटलं, वाटायचा प्रश्न नाही बाबा, कानाने सांगितलं.
तो म्हणाला, बरं. आता पाच बिल्डिंगा राहिल्यात म्हणाला. पाणी घे म्हटलं तर नको म्हणाला आणि गेला.
आज जेवण गेलं नाही. बहुतेक भाजी जुनी होती.

१६ फेब्रुवारी, रविवार.
हवालदाराचा तिसरा फोन. उद्या यायचंच, रिक्षा पाठवतो म्हणाला. रविवारीसुद्धा काम करतो बिचारा, घसा बसलाय. नातीला फोन केला. ती म्हणाली, केसबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, फक्त एवढं सांगते की ओळखता आलं नाही तर ओळखता आलं नाही असं म्हणता येतं. कुणी हसत नाही.
मला कशाला तसं म्हणावं लागेल?

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.
झाली परेड. नऊही आवाज घोगरे. सगळे तेच वाक्य म्हणत होते, लवकर या, आग लागलीय. पहिल्या पाचात मला कुणीच ओळखीचं वाटलं नाही. जरा घाम आला. पण सहावा लागला आणि अंगावर काटा आला. हा माणूस आपल्या ओळखीचा, अगदी रोजच्या बोलण्यातला. म्हटलं, सहा नंबर. इन्स्पेक्टरांनी पुन्हा ऐकायचं का विचारलं. म्हटलं, गरज नाही. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि लिहून घेतलं.
काम फत्ते. घरी येऊन शहाण्णव पायऱ्या एका दमात चढले, म्हणजे चार दमांत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
सहा नंबर तो हवालदार होता.
एक आवाज कमी पडत होता, म्हणून ऐन वेळी त्याचाच भरला होता. तो माझ्याशी फोनवर बोलतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लिफ्टवाल्याचा आवाज दुसऱ्या नंबरवर होता. तो मला ओळखीचासुद्धा वाटला नव्हता.
तसं बघितलं तर माझा कान बरोबरच निघाला. ओळखीचा आवाज मी ओळखलाच. फक्त भलत्या माणसाचा.
मुलगा दुसऱ्या खोलीत जाऊन हसला. मला ऐकू येत होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
नातीच्या साहेबांचा अहवाल आला. इन्स्पेक्टरांनी तो सेक्रेटरीच्या घरी समजावून सांगितला. असं रेकॉर्डिंग मिळायची शक्यता, बोलणारा लिफ्टवाला असेल तर जेवढी आहे, त्याच्या तीसपट दुसराच कुणी असेल तर आहे. घरी येऊन नातीला फोन केला, म्हणजे तो नव्हता याची तीसपट खात्री ना? ती म्हणाली, तसंही नाही म्हणायचं, आजी. माझं डोकं दुखायला लागलं.
पण आता त्या आकड्याचंही काम उरलं नाही. काल दुपारी दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये तसाच खोटा फोन गेला, आवाज तोच, आणि त्या वेळी लिफ्टवाला पोलीस स्टेशनात हजेरीच्या बाकावर बसलेला होता. त्याला मोकळं केलं. सेक्रेटरी म्हणतो, मी म्हणतच होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
सेक्रेटरीने त्याला परत बोलावलं. तो म्हणाला, बाकी कुठेही जाईन, तुमच्या बिल्डिंगमध्ये नको. बाकीच्या दोन बिल्डिंगांनी तोवर दुसरा माणूस धरलाय. आमच्याकडे कंपनीचा माणूस पुढच्या महिन्यात येईल म्हणे. लिफ्ट अजून मध्येच लटकलेली आहे.
त्याची माफी मागायची. चूक तशी त्या रेकॉर्डिंगची, ते फार खरखरीत होतं. तरी मागायची.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
त्याच्या घरी जायचं ठरवलं होतं, पण पायऱ्यांकडे बघून फोन करायचं ठरलं. वहीच्या मागच्या पानावर काय बोलायचं ते लिहून काढलं. दोनदा वाचलं. सूनबाईने नंबर लावून दिला.
तो हॅलो म्हणाला. ओळखला. मग जे सुरू झाले ते वहीकडे न बघताच. म्हटलं, बाबा, म्हातारीचं चुकलं. तू पिशवी उचललीस तेव्हाच कळलं होतं, पण तोंडातून निघेना. शंभर टक्के म्हणायला नको होतं, पन्नासही नको होतं. तुझी कामं गेली ती माझ्या जिभेने गेली. मी एकेका बिल्डिंगमध्ये येऊन सांगते, जिने चढून सांगते. डोळ्यांतून पाणी आलं. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बरं वाटलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.
मग तो म्हणाला, आजी, मी त्याचा धाकटा भाऊ. दादा कामावर गेलाय, फोन घरीच विसरला. कोण बोलतंय म्हणून सांगू?
मी फोन ठेवून दिला.
संध्याकाळी पुन्हा करायचा. आधी विचारायचं, कोण बोलतंय.