सातव्या गाण्यातली खरखर

४ जानेवारी

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी ‘दात-ओठ’ ही तबकडी परवा पोचली. नऊ गाणी आणि नऊच्या नऊ संतापलेली! पहिल्यांदा लावली तेव्हा तुझे भावोजी जे फिरायला म्हणून निघाले, ते शेवटचं गाणं संपल्याची दारातून खात्री करूनच आत आले. दुसऱ्यांदा मी एकटीनं ऐकली, तिसऱ्यांदा वही घेऊन. तुला खरं मत हवं होतं ना? मग थोरली बहीण बाजूला ठेवते. दवाखान्यात दिवसभर लोकांचे बसलेले आवाज ऐकून त्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी बाई सांगतेय असं समज.

आधी चांगलं. तुमचा ढोल्या काय ड्रम बडवतो रे! दुसऱ्या गाण्यात तो आणि गिटार एकमेकांच्या मानगुटीवर बसतात, तरी ताल तसूभर हलत नाही. तिसरं, घरमालकावरचं, ऐकताना मला आमचा जुना मालक आठवला आणि हातातलं लाटणं घट्ट धरलं गेलं. शब्द साधे आहेत, उगाच शिव्या नाहीत. आणि सातव्या गाण्यात तुझ्या आवाजाला जी खरखर आलीय, ती तर सगळ्या अल्बमची जान आहे. तिथं माझ्या अंगावर काटा आला.

आता दोष. तुम्ही सगळे पहिल्या मिनिटापासून बोंबलता ते शेवटपर्यंत. चौथ्या गाण्यापाशी ऐकणारा दमतो. जरा थांबलात, श्वास घेतलात, तर पुढचा तडाखा लागेल ना! पाचवं गाणं म्हणजे निव्वळ आदळआपट. आणि नववं मला कळलंच नाही. मालक नाही, साहेब नाही, समोर कोणीच नाही, आणि तू नुसता ओरडतोयस. चिडलायस कोणावर?

अधूनमधून फोन उचलत जा की. चिमणीला आत्याचा पापा. माझं मत वाचून हवे तेवढे दात-ओठ खा, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी अक्का

१२ जानेवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. ढोल्या दोन दिवस हवेत आहे, आणि पाचवं गाणं ज्यानं बांधलं तो गिटारवाला तुझ्यावर रुसलाय. श्वास घेण्याचं म्हणशील तर पटलं. पण आम्ही पडलो हट्टी. आमचा नियमच आहे, एकदा गायलं ते गायलं, परत नाही. चुकलं तर चुकीसकट ठेवायचं.

त्या खरखरीची गंमत सांगतो, हसशील. सातवं गाणं झालं आणि तात्या, म्हणजे आमचे रेकॉर्डिंगवाले, कानांवरचे हेडफोन काढून म्हणाले की वायरीत घाण आहे. वायर बदलली. मग म्हणाले माइक गेला. माइक बदलला, एकदा नाही, तीनदा! दर वेळी मी नुसतं एक-दोन-तीन म्हणून दाखवायचो. शेवटी त्या कपाटाएवढ्या खोलीतलं भिंतीवरचं कार्पेट उचकटून मागची जोडणी तपासली. ढोल्या टॉर्च धरून पोटावर पालथा पडलेला. खरखर काही जाईना. मग तात्याच म्हणाले की मरू दे, हेच झकास वाटतंय. आणि आता जो तो नेमकं तेच डोक्यावर घेतोय!

एप्रिलपासून चौदा गावांत कार्यक्रम ठरलेत. फोनला वेळच होत नाही बघ, म्हणून पत्र. चिमणी मजेत. भावोजींची माफी मागतो. टीका करत राहा, मायाही करत राहा, दोन्हींची सवय आहे.

तुझा भुंगा

१७ जानेवारी

चि. भुंग्यास आशीर्वाद.

मी हसले नाही. पत्र खाली ठेवून तबकडीचं वेष्टन शोधायला उठले.

तबकडीच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्याखाली रेकॉर्डिंगची तारीख छापलीय. आज मी गाणी त्या क्रमानं लावली. जूनमधलं तिसरं, स्वच्छ. जुलैमधलं पहिलं आणि दुसरं, तीही. ऑगस्टच्या चौथ्यात शब्दाच्या शेवटी आवाज किंचित फाटतो. सप्टेंबरच्या सातव्यात खरखर आहे, आणि ऑक्टोबरच्या नवव्यात तर वरचा सूर लागतच नाही, तिथं नुसती हवा येते. तुम्ही गाणी मागंपुढं लावलीत म्हणून कोणाला कळलं नाही. ओळीनं ऐकलं तर लहान मूलसुद्धा सांगेल.

अरे, वायर बदलली, माइक बदलला, भिंत उचकटली, आणि तुझा घसा बघावा असं एकाही शहाण्याला सुचलं नाही? पण तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू? ज्या आवाजाचा माणूस समोर आला की मी पहिल्यांदा त्याला डॉक्टरांकडे पाठवते, त्याच आवाजाला मी अल्बमची जान म्हटलं. लाज वाटते रे मला.

आणि चार महिने तू फोन उचलत नाहीस. मला वाटलं लाडात आलायस, पत्रं लिहायची हौस आलीय. मी ऐकू नये म्हणून ना? खरं सांग. गिळताना दुखतं का? कान दुखतो का? उलट टपाली कळव. तोवर मला अन्न गोड लागणार नाही.

तुझी अक्का

२५ जानेवारी

ती. अक्कास नमस्कार.

काही झालेलं नाही. थंडीनं घसा धरलाय. सहा वर्षं छोट्या हॉलांत घसे फोडले तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आता पहिल्यांदा लोक नाव घेतायत, आणि ज्या आवाजाचं नाव घेतायत त्यालाच तू रोग म्हणतेस! तुला दिवसभर आजारी माणसं दिसतात, म्हणून सगळं जग आजारी वाटतं.

माझ्या बायकोला वेगळं पत्र लिहिलंस ते बरं केलं नाहीस. ती आता जेवताना माझ्या गळ्याकडे बघत बसते. कृपा करून इकडे येऊ नकोस. कार्यक्रम झाले की बघू.

भुंगा

२९ जानेवारी

चि. भुंग्यास आशीर्वाद.

चीड, हवा तेवढा चीड. मी तुझ्याशी भांडायला बसलेली नाही. मी भ्यालेय.

माझ्याकडे एक शाळामास्तर येतात. आठ महिने थंडीच म्हणत राहिले. वार्षिक परीक्षा होऊ दे, मग बघू, म्हणत राहिले. आता ते माझ्यासमोर बसून पाटीवर लिहितात. परवा त्यांनी लिहिलं की वर्गात हजेरी घ्यावीशी वाटते. मी मान खाली घालून वहीत काहीतरी खरडत बसले, दुसरं काय करणार?

तू कार्यक्रम झाल्यावर म्हणतोस, म्हणजे जुलै उजाडणार. इतके दिवस हातात असतील असं मला वाटत नाही. काही नसेल तर मला जन्मभर चिडव, माझ्यावर दहावं गाणं लिही, मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. पण असेल तर? अल्बम गेला खड्ड्यात. मला माझा भाऊ हवाय.

तुमच्या गावातल्या घशाच्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना कळवलंय. बुधवारी सकाळी अकरा. मी येत नाही, तू नको म्हणालास म्हणून. जीव मुठीत धरून इथंच बसलेय. एवढं एकदा ऐक, मग वर्षभर माझं काही ऐकू नकोस.

तुझी अक्का

१६ फेब्रुवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

त्या बुधवारी गेलो होतो. दारापर्यंत जाऊन एकदा परत फिरलो, तर बायको मागं उभीच होती. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर माझाच घसा दाखवला. डाव्या स्वरतंतूवर पांढरट गाठ. तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल काल आला. तू ज्याला भीत होतीस तेच आहे, पण सुरुवातीलाच सापडलं म्हणतात. सोमवारी ऑपरेशन. जीव वाचेल अशी त्यांना चांगली आशा आहे. बोलता येईल, हळू आवाजात. ओरडणं संपलं. चौदाही कार्यक्रम रद्द केले. ढोल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला, तात्या तर त्या वायरीचं नाव काढून काढून कपाळ बडवून घेतायत.

तुझ्यावर खेकसलो, त्याची माफी माग असं बायको सांगतेय, पण तिनं नसतं सांगितलं तरी मागितली असती. थंडी नव्हतीच, अक्का. ऑक्टोबरात एका सकाळी बेसिनमध्ये रक्त पडलं. नळ सोडून दिला, कोणाला बोललो नाही, आणि तासाभरानं जाऊन नववं गाणं गायलं. तुला ते कळलं नाही, कारण त्यात राग नव्हताच. सगळे म्हणतात काय संतापलाय हा माणूस. मी घाबरून ओरडत होतो गं.

आता बोलायला बंदी आहे, अगदीच अडलं तर कुजबुजायचं. काल चिमणीनं विचारलं की बाबा असा का बोलतो, आणि माझ्या तोंडाला कान लावून बसली, सांग म्हणाली. इतकी वर्षं हॉलभर माणसांसमोर बोंबललो, पण आतलं कधी बाहेर आलं नव्हतं. त्या एवढ्याशा कानात खरं तेच सांगितलं, की बाबाला भीती वाटतेय. तर ती मोठ्या माणसासारखी म्हणाली की मग आत्याला का बोलवत नाहीस.

येऊ नकोस म्हणालो होतो, ते विसर. लोभ असेल तो पत्रातून पाठवू नकोस, बरोबर घेऊन सोमवारच्या आधी ये.

तुझा भुंगा