सक्करदऱ्याचं रिकामं घरटं

२९ जुलै १९३४, रविवार
आजपासून पक्षिनिरीक्षण. मनोहरराव वकिलांनी वाचनालयात बारा तारखेला माझं व्याख्यान ठेवलंय, ‘सुगरण पक्षी’. शाळेत गणित शिकवतो म्हणून काय झालं? निरीक्षणशक्ती लागते, ती आहे. सक्करदरा तलावावर गेलो. पाणकणसांत घरटी दिसली. मला खोकला आला, पक्षी उडाले. एकंदरीत उत्तम सुरुवात.

२ ऑगस्ट
रोज पहाटे जायचं ठरलं होतं. पाऊस. उद्यापासून नक्की.

५ ऑगस्ट, रविवार
पिवळ्या डोक्याचा नर! पात्याची बारीक पट्टी सोलतो, चोचीनं विणतो. एक घरटं पुरं करून त्यानं शेजारी दुसरं सुरू केलंय. म्हणजे पहिलं रिकामं. त्यात एक चिमणी सारखी ये-जा करते. परक्याच्या घरात घुसायचं! हे व्याख्यानात सांगणार. टाळ्या पडतील.

१२ ऑगस्ट, सकाळी
ते रिकामं घरटं देठांसकट कापून आणलं. स्पेसिमेन दाखवल्याशिवाय लोकांना पटत नाही. चिमणी डोक्याभोवती ओरडत फिरली. निर्लज्ज.
गोपिका म्हणाली, “अहो, आत काही असन तर? हात घालून पाहा ना.” म्हटलं, हात घातला की स्पेसिमेन बिघडतो. बायकोला सायन्स समजावणं कठीण. घरटं कपाटावर ठेवलंय. तिथून बारीक आवाज येतो. उंदीर असेल.

संध्याकाळी
लिहावंसं वाटत नाही.
हॉल भरला होता. ‘हे पाहा, मालकानं सोडलेलं घर,’ असं म्हणून मी घरटं हलवलं. घरट्याच्या नळीसारख्या तोंडातून पिल्लू टेबलावर पडलं. उघडंनागडं, डोळे मिटलेले. आत आणखी चिवचिव. मनोहररावांनी विचारलं, मास्तर, ही चिमणीची पिल्लं का? मी हो म्हणालो. म्हणतानाच कळलं, ती चिमणी नव्हतीच. ती त्या नराचीच मादी होती, दिसायला चिमणीसारखी. तिचंच घर.
कुणी हसलं नाही. गोपिका बायकांतून उठून आली, पिल्लू पदरात घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन तिनं सगळी पिल्लं कापसात ठेवली. मी मधे मधे करू नये, असं म्हणाली.

१३ ऑगस्ट
उजाडताच पिल्लं घरट्यात घालून तलावावर गेलो. गुडघाभर पाण्यात उभं राहून देठ चिखलात रोवले. कलंडले. सुतळीनं बांधले. मादी आली, चोचीत अळी. घिरट्या घातल्या, जवळ बसली, उडाली. पुन्हा आली. आत काही शिरेना. मी उभा आहे म्हणून बुजली असेल, असं समजून लांब जाऊन बसलो. शाळा बुडली. नर शेजारी विणतच होता.
दुपारपर्यंत आवाज थांबला. मग हात घातला. सगळी गार.
गोपिका दारातच उभी होती. काय झालं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, चांगली आहेत, आईबरोबर उडून गेली.
“काल तं त्याइच्या अंगावर पिसं नव्हते,” ती हळूच म्हणाली. मग आत जाऊन चहा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला.
मी प्यालो.