१ लेख सापडला

३ तारीख, सोमवार
लेकीकडे कायमचा राहायला आलो. खोली झकास, खिडकीत ऊन, समोरच भलंमोठं वाचनालय. लेक शाळेत शिकवते. ती सकाळी गेली की मी मोकळा. लगेच सभासद झालो. तिथे संशोधनाचे लेख शोधून देणारा कॉम्प्युटर आहे. त्याच्यापुढे चष्मिष्ट पंडित माना खाली घालून बसतात. ग्रंथपालबाईंनी शिकवलं : एक शब्द घाला, मग दुसरा घाला, यादी आटत जाते. वर म्हणाल्या, आजोबा, घाबरू नका, तो चावत नाही. मी सातवी पास, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली. म्हणे घाबरू नका!

४, मंगळवार
सकाळपासून डावी करंगळी बधिर. डॉक्टरची मला धास्ती, म्हणून लेकीला बोललो नाही. कॉम्प्युटरला विचारलं. 'बधिर बोट' : चार हजार लेख. एवढ्या लोकांना एका बोटावर लिहायला पगार मिळतो! 'वृद्ध' घातलं : तीनशे बारा. 'पुठ्ठा कारखाना' : नऊ. 'डावी करंगळी' : एक.
त्यात माझ्याच वयाचा, एकाहत्तर वर्षांचा पुरुष, अल्पशिक्षित, चिडखोर. पहिल्या दिवशी करंगळी, तिसऱ्या दिवशी मनगट, पाचव्या दिवशी खांदा, सहाव्या दिवशी मृत्यू. चिडखोर म्हणे! लिहिणाऱ्याने जन्मात कधी पुठ्ठा कापलाय का?

६, गुरुवार
मनगट गेलं. बाईंना लेख दाखवायला गेलो. त्यांनी तेच शब्द घातले तर शून्य. म्हणाल्या, आजोबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मी घातले, एक लेख. तोवर बाई दुसरीकडे गेल्या होत्या. शिकलेली माणसं!

७, शुक्रवार
यंत्राची लबाडी उघडी पाडायची ठरवलं. काहीही घाला, हे एक लेख काढून देणारच. दुसरं कोणी सुचेना, म्हणून लेकीची माहिती घातली : शिक्षिका, वय बेचाळीस, उजवी करंगळी. लगेच एक लेख. तेच दुखणं, तेच सहा दिवस. खो खो हसलो. हसता हसता लक्षात आलं, माझा हात मोकळा झालाय. घरी येऊन बरणीचं घट्ट झाकण स्वतः उघडलं.

९, रविवार
लेकीच्या हातून कप पडला. म्हणाली, बाबा, परवापासून करंगळी झोपलीय, आता मनगटही. खडू धरून झालं असेल, तुम्ही उगाच जीव काढू नका.
धावत गेलो. रविवारी बंद! पंडितांना विश्रांती लागते म्हणे.

१०, सोमवार
दुखणं परत माझ्याकडे यावं म्हणून माझे सगळे शब्द परत घातले. शून्य लेख. उलटसुलट घातले. शून्य. लेकीच्या डॉक्टरने सांगितलं, कामाचा ताण आहे. गाढव.

११, मंगळवार
तिचा खांदा. वेणी मी घातली, वाकडी. हसली बिचारी. यंत्र — शून्य. मी मूर्ख. सातवी पास मूर्ख —

१२, बुधवार
उघडायच्या आधीपासून पायरीवर. आता आत. वही मांडीवर.
वृद्ध — शून्य. भित्रा — शून्य. बाप — शून्य.
घे, हे गिळ : मुलीऐवजी.
एक.
लेकीचा फोन. बाबा, बोटं हलायला लागली, कुठे आहात? वाचतोय म्हटलं, वाचनालयात. तू जेवून घे.
लेख उघडला. मीच आहे. पण पहिला दिवस नाही, तिसरा नाही, थेट सहा—