तुमच्या जागी मी भांडते

अहो, ऐकता ना,

हे फोनवर पाठवलं तर माझ्याच हातात वाजेल, म्हणून कागदावर लिहिते. तुम्ही गेल्यापासून तुमच्या फोनवर छापखान्यातल्या मित्रांचा ग्रुप मी रोज वाचते. साथीच्या बातम्या, सरकारवरून भांडणं, कुणाची करपलेली भाजी. लिहीत मात्र काहीच नव्हते.

काल बाइंडरभावजींनी लिहिलं, "त्याचा नंबर ग्रुपमधून काढूया आता. नाव दिसलं की जीव तुटतो."

मी घाबरले. तरी तुम्ही त्यांच्याशी भांडायचात तसंच लिहिलं, "भावजी, सकाळची लशीची बातमी गेल्या वर्षीची आहे. तारीख बघत जा."

मग त्यांचं उत्तर आलं, "वहिनी, राहा. पण भांडावं लागेल हं."

सकाळपासून भांडतेय. चहा दोनदा गार झाला.

तुमचीच,
मी