घणाची जागा

चेरीताल, जबलपूर
५ जानेवारी १९४५

चि. श्रीरंग यास शैलजाताईचे अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. नेव्हीत जाऊन तुला वर्ष झालं, पण बाबांचा राग जागचा हलत नाही. गनकॅरेज कारखान्याच्या लोहारखात्यात त्यांनी सांडशी धरायची आणि तू घण घालायचा, ती बापलेकाची जोडी तू मोडलीस, हेच ते धरून बसलेत. तुझ्या जागी रामराव बदली म्हणून घण घालतात.

तुझी पत्रं मी मोठ्याने वाचते, तेव्हा बाबा पाठ फिरवून बसतात. पण उठून जात नाहीत हं! परवा भिंतीलाच विचारून राहिले होते, की जहाजावरचे गोरे शिपाई जमिनीवर काहून लढतात. उत्तर भिंतीच्याच नावे पाठव.

त्यांच्या हातचं एक अक्षर तुला मिळावं, एवढंच मला हवं आहे. लोभ आहेच, खाऱ्या पाण्यात विरघळू देऊ नकोस.

तुझी ताई

बोटीवरून
८ फेब्रुवारी १९४५

ती. ताईस श्रीरंगचा शि. सा. न. वि. वि.

भिंतीला सांग, यांना मरीन म्हणतात. नेव्हीचंच पायदळ. यांच्या पणजोबांनी जहाजावर तोफा सांभाळल्या. आता निम्मे बोटी हाकतात आणि हिरव्या टोपीवाले किनाऱ्यावर उतरून लढतात. कमांडो म्हणजे त्यांची पलटण. पलटणीत तुकड्या, तुकडीत टोळ्या, आणि टोळीत शेवटी दोन-दोन माणसं. जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा, साहेबाने नाही. एक जेवतो तेव्हा दुसरा पहारा देतो. कमाल माणसं, ताई!

कुठे ते लिहायची मनाई आहे. परवा खाडीत आम्ही त्यांना परत घ्यायला गेलो. ओहोटी लागलेली, वरून गोळे पडत होते. सगळे चढले, एक जण मात्र चिखलातच उभा. त्याचा जोडीदार जखमी होऊन मागे राहिला होता. तो त्याला आणायला वळला. बोट रुतली असती तर आम्ही सगळेच गेलो असतो. सुकाणू माझ्या हाती होतं. मी साहेबांना थांबू या म्हणालो आणि त्यांनी मान हलवली. तो आला, जोडीदाराला पाठीवर घेऊन. दोघेही जगले.

आईला यातलं निम्मंच वाचून दाखव. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा श्रीरंग

चेरीताल, जबलपूर
२ मार्च १९४५

चि. श्रीरंग यास अ. उ. आ.

अरे, बाबा वळले! जखमीचं वाचता वाचता मी पान उलटायला थांबले, तर त्यांनीच दरडावून विचारलं, की बोट थांबली की नाही ते आधी सांग. थांबली म्हटल्यावर धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि चष्मा मागितला.

आज रामरावांकडून कळलं, की फोरमनसाहेब त्यांना बाबांचा कायमचा जोडीदार करणार होते. बाबांनीच नाही म्हटलं होतं, तू गेलास त्याच महिन्यात. आम्हाला घरात एका शब्दाने सांगितलं नाही, बघ! या कागदावरची खालची जागा बाबांनी मागून घेतली आहे, म्हणून माझा लोभ इथेच आवरते.

ताई

चि. श्रीरंगास आशीर्वाद. बोट धरून ठेवलीस, चांगलं केलं. घणाची जागा मीही धरून ठेवली आहे. ये.

बाबा